आयुक्तांना हटविण्याचा अधिकार कोणाचा?

उलवे, प्रतिनिधी : पनवेल महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झाली, तेव्हा उलवे नोडचा तीत समावेश झाला नाही. येथील नियोजन सिडकोकडे असून, सिडकोच्या व्यवस्थापकीय संचालकांची नियुक्ती राज्य सरकार करते. परिसरात ग्रामपंचायती आहेत; मात्र या अधिकाऱ्यांवर अविश्वास आणण्याचा अधिकार त्यांना नाही.

महापालिकेत तो अधिकार नगरसेवकांना आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३६ अन्वये आयुक्तही सरकारच नेमते. त्यांची मुदत एका वेळी कमाल तीन वर्षे असते. परंतु एकूण नगरसेवकांपैकी किमान पाच-अष्टमांश सदस्यांनी ठरावाच्या बाजूने मत दिल्यास आयुक्तांना परत बोलावण्याची तरतूद आहे.

मार्च २०१८ मध्ये पनवेलचे तत्कालीन आयुक्त सुधाकर शिंदे यांच्याविरुद्धचा अविश्वास ठराव ५० विरुद्ध २२ मतांनी मंजूर झाला. ७८ नगरसेवकांच्या सभागृहात त्यासाठी ४९ मते आवश्यक होती. तरीही राज्य सरकारने ठराव स्थगित केला. एप्रिलमध्ये शिंदे यांची बदली झाली.

थोडक्यात, अखेरचा शब्द मंत्रालयाचाच. पनवेलकरांना निदान आपला अविश्वास सभागृहात नोंदविता आला. उलवेकरांना त्यासाठी सभागृहच नाही.