चाळणी प्रयोग आणि नोंदींची शिस्त

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील औद्योगिक वसाहतीत रसायने, औषधे व रंग यांचे अनेक कारखाने आहेत. पट्ट्याच्या पश्चिमेस ठाणे खाडी असून तेथील फ्लेमिंगो अभयारण्यास २०२२ मध्ये रामसर क्षेत्राचा दर्जा मिळाला. सांडपाणी नीट शुद्ध न होता खाडीत गेल्यास त्याची झळ मासळीस व कोळी बांधवांच्या उपजीविकेस बसते. म्हणूनच शुद्धीकरणाची रीत प्रयोगाने ठरविणे अगत्याचे असते.

समजा, सांडपाणी निवळण्यावर सात घटकांचा परिणाम संभवतो: सामू, तुरटीची मात्रा, पॉलिमरची मात्रा, ढवळण्याचा वेग, ढवळण्याचा वेळ, तापमान आणि निवळण्याचा अवधी. प्रत्येक घटकाच्या कमी व अधिक अशा दोनच पातळ्या घेतल्या तरी सर्व जुळण्यांच्या १२८ चाचण्या होतात. यांतील महत्त्वाचे घटक थोडक्या चाचण्यांत निवडून काढणे, हाच चाळणी प्रयोगाचा हेतू होय.

बारा चाचण्यांची मांडणी

प्लॅकेट व बर्मन या संख्याशास्त्रज्ञांनी १९४६ मध्ये सुचविलेल्या मांडणीत अकरापर्यंत घटक बारा चाचण्यांत तपासता येतात. प्रत्येक घटक सहा चाचण्यांत कमी व सहांत अधिक पातळीवर असतो. अधिक पातळीच्या सहा चाचण्यांतही इतर प्रत्येक घटक तीनदा कमी व तीनदा अधिक येतो. त्यामुळे दोन सरासरींतील फरक पाहून त्या घटकाचा प्रभाव अजमावता येतो. भारतात कृषी प्रयोगांची अशी शास्त्रीय शिस्त रुजविण्यात डॉ. पानसे व डॉ. सुखात्मे यांच्या १९५४ च्या ग्रंथाचा मोठा वाटा आहे.

आज ही मांडणी संगणक तयार करून देतो. मिनिटॅब किंवा विनामूल्य मिळणारी ‘आर’ यांसारख्या आज्ञावलीत घटकांची नावे व पातळ्या भरल्या की तक्ता मिळतो. चाचण्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, यादृच्छिक पद्धतीने लावलेला असतो. सोयीसाठी तो बदलू नये. अधिक तुरटीच्या सर्व चाचण्या सकाळीच उरकल्या, तर दुपारपर्यंत साठवणीतील पाण्यात झालेला बदलही तुरटीच्याच खात्यावर जमा होईल. काम दोन दिवस चालणार असेल, तर मांडणी करतानाच दिवसाचा वेगळा रकाना ठेवावा.

नोंद कशी करावी

एका चाचणीस एकच ओळ द्यावी. एकके रकान्याच्या शीर्षकात लिहावीत, आकड्यापुढे ‘मि.ग्रॅ.’ लिहिल्यास संगणक तो आकडा मजकूर समजतो. सामू ठरल्यापेक्षा वेगळा राहिला, तर नियोजित आकडा तसाच ठेवून प्रत्यक्ष आकडा स्वतंत्र रकान्यात नोंदवावा. मापक बंद पडल्यास गढूळपणाचा रकाना कोरा ठेवावा. तेथे शून्य लिहिले, तर पाणी पूर्ण निवळले, असा अर्थ होतो आणि निकामी रीत उत्तम ठरते. न जमलेली चाचणीही खोडू नये. शेऱ्यात कारण लिहावे.

निष्कर्षाची मर्यादा

या मांडणीत दोन घटकांचा संयुक्त परिणाम एकेकट्या घटकांच्या परिणामांत मिसळतो. म्हणून निवडलेल्या दोन-तीन घटकांवर पुन्हा सविस्तर प्रयोग करावा लागतो. शाळेची प्रयोगशाळा असो वा पंचायतीच्या पाणीयोजनेतील तुरटीचे प्रमाण, हाच नियम लागू पडतो. गणित संगणक करील; परंतु त्याच्या उत्तराचा खरेपणा नोंद करणाऱ्याच्या हाती असतो.