फ्रायबुर्गची रबरी नळी

नंदुरबार जिल्ह्यातल्या बिलगावात 2003 साली गावाच्या श्रमातून धबधब्यावर वीज तयार झाली, तेव्हापासून छोट्या जलविद्युतेनं मला झपाटलं आहे. टर्बाइनबद्दल सगळेच भरभरून बोलतात. मला कुतूहल आहे ते डोंगरावरून उतरणाऱ्या नळाचं. पैसा तिथंच मुरतो आणि घातही तिथंच होतो.

नेहमीची तुलना चटकन उरकतो. पोलाद दणकट, पण घाट चढवायला जड आणि गंजणारं. पीव्हीसी स्वस्त, पण उन्हात ठिसूळ होतं, म्हणून पुरावं लागतं. काळं एचडीपीई ऊन सोसतं, वळतं. मात्र त्याचे सांधे वितळवून जोडायला यंत्र हवं.

खरा प्रश्न पुढचा आहे. नोझलमध्ये पाला अडकला किंवा चावी झटक्यात फिरली, की थबकलेल्या पाण्यातून दाबाची लाट उलटी वर धावते. घरगुती मापाच्या पोलादी नळात ती सेकंदाला सुमारे 1300 मीटर वेगानं जाते, पीव्हीसीत 400च्या आसपास, एचडीपीईत साधारण 300. लाटेचा वेग जितका जास्त तितका दाब जास्त. सेकंदाला 2 मीटर वेगानं वाहणारं पाणी एकाएकी थांबलं, तर पोलादात सुमारे 260 मीटर उंचीच्या पाण्याइतका जादा दाब येतो, पीव्हीसीत 80, एचडीपीईत 60.

हे गणित झुकोव्स्कीच्या नावावर आहे. निकोलाय झुकोव्स्की म्हणजे रशियन विमानविद्येचा जनक. मॉस्कोच्या अलेक्सेयेव्ह पंपिंग स्टेशनवर त्यानं 1897-98 मध्ये खऱ्याखुऱ्या नळांवर प्रयोग केले. दाबाच्या आलेखावरून गळतीची जागा कशी ओळखायची, हेही दाखवलं. पण तेच सूत्र 1883 सालीच छापून आलं होतं आणि त्याचा कर्ता अभियंता नव्हता. योहानेस फॉन क्रीस हा जर्मनीतल्या फ्रायबुर्गचा शरीरशास्त्रज्ञ. माणसाच्या नाडीचा ठोका धमनीतून कसा सरकतो, हे त्याला समजून घ्यायचं होतं. त्यासाठी त्यानं रबरी नळ्यांत पाण्याच्या लाटा मोजल्या. अभियंत्यांनी शरीरशास्त्राचं वाङ्मय कशाला चाळावं? त्याचं हे काम जलाभियंत्यांपुढे नीट मांडलं गेलं ते एकविसाव्या शतकात. सूत्राला क्रीसचंही नाव जोडायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

आणि नळ निवडणाऱ्यानं क्रीसपासूनच सुरुवात करावी. लवचीक भिंत थोडी फुगते, लाट मंदावते, धक्का सौम्य होतो. म्हणून तीस-चाळीस मीटर उतार असलेल्या घरगुती योजनेला, सांधे नीट जोडणारा माणूस मिळत असेल, तर मी एचडीपीईच सुचवेन. पोलाद राखून ठेवावं ते फार उंच उताराच्या तळाशी, जिथं मुळातलाच दाब प्रचंड असतो. मऊ नळाला एक भय मात्र उरतं. वरचं तोंड तुंबलं आणि खालून पाणी निघून गेलं, तर आत पोकळी होऊन पातळ नळ चेपतो. त्यासाठी तोंडाच्या जाळीमागे लगेच एक उभी, वर उघडी हवानळी बसवावी, आणि तिचं टोक वरच्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवावं.