टिरेटा बाजार : कोलकात्याची चिनी न्याहारी

कोलकात्याचं पोलिस मुख्यालय ज्या लालबाजारात आहे, तिथून जवळच, पोद्दार कोर्ट या इमारतीपाशी रोज भल्या पहाटे एक खाऊबाजार भरतो. रविवारी त्याला खरा रंग चढतो. साडेपाच-सहाच्या सुमाराला रस्त्याच्या कडेला टेबलं मांडली जातात, मोदकपात्रांतून वाफा यायला लागतात, आणि नऊ वाजायच्या आत सगळं आवरून रस्ता पुन्हा वाहनांचा होतो. याला तिकीट नाही, उद्घाटन नाही, प्रायोजकांचे फलक नाहीत. आशियाई खाद्यमहोत्सव आता मोठ्या हॉटेलांत आणि मॉलमध्ये सर्रास होतात. पण भारतातच जन्मलेल्या, वाढलेल्या चिनी कुटुंबांचं घरचं खाणं त्यांच्याच हातचं खायचं असेल, तर टिरेटा बाजार गाठावा.

मराठी खवय्यानं तर तो मुद्दाम गाठावा. आपल्याकडे नाक्यानाक्यावर चायनीजची गाडी असते. लग्नाच्या बुफेत मंचुरियन असतं, शाळेच्या स्नेहसंमेलनात नूडल्सचा स्टॉल असतो. हे खाणं आपल्यापर्यंत ज्या समाजानं आणलं, त्याचं हे मूळ गाव आहे, आणि त्या समाजाबद्दल आपल्याला जवळजवळ काहीच ठाऊक नसतं.

पहाटेचा बाजार

बाजार लहान आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत रमतगमत चाललं तरी पाच-दहा मिनिटांत संपतो. म्हणून आधी एक फेरी नुसती पाहत मारावी आणि मग कुठे थांबायचं ते ठरवावं. सगळ्यांत आधी बाओ दिसतो. फुगवलेल्या मैद्याचा, तळहाताएवढा, पांढराशुभ्र गोळा. त्याच्या तोंडाशी पाडलेल्या चुण्या पाहून आपल्या मोदकाच्या कळ्याच आठवतात. फोडला की आतून डुकराच्या मांसाचं किंचित गोडसर, सोयासॉसनं तपकिरी झालेलं सारण दिसतं. मैद्याचं आवरण इतकं मऊ असतं की बोटांच्या दाबानंही दबतं आणि पुन्हा हळूहळू वर येतं. ते गरम असतानाच खावं, कारण निवलं की वातड होतं.

त्याच्या शेजारी सिउ माय. पातळ पारीत खिमा भरून वरचं तोंड उघडंच ठेवलेलं, एका घासात संपणारं. यात पोर्क असतं, कोंबडीही असते. वरून घरच्या मिरचीच्या सॉसचा एक थेंब. पुढच्या टेबलावर फिश बॉल सूप : माशाचा गर पिटून पिटून केलेले पांढरे गोळे, पातळसर निवळ रस्सा, वर चिरलेली कोथिंबीर आणि कांद्याची पात. हा गोळा दाताखाली थोडा लवचीक, चिवट लागतो. मासा किती वेळ आणि किती जोरानं पिटला आहे, ते त्यावरून कळतं. चिनी सॉसेजच्या माळा, पानात बांधून शिजवलेला चिकट भात, तीळ लावून तळलेले गोड सारणाचे गोळे हेही मिळतं. थंडीच्या दिवसांत गर्दी वाढते आणि चांगल्या वस्तू सात वाजताच संपतात.

इथे फक्त चिनी पदार्थच मिळतात असं नाही. मोमो विकणारे आहेत. पुरीभाजी, कचोरी, जिलबी विकणारेही आहेत. त्यामुळे शाकाहारी माणूसही उपाशी परतत नाही. बाजूलाच भाजीवाले बसतात. त्यांच्याकडे पालक-मेथीच्या शेजारी बोक चॉय आणि इतर चिनी पालेभाज्यांच्या जुड्या असतात. न्याहारी करून, आठवड्याची भाजी पिशवीत भरून, ओळखीच्या चार लोकांशी हाक्का बोलीत किंवा बंगालीत दोन शब्द बोलून म्हातारी माणसं घरी जातात. आपल्यासाठी जी सहल आहे, तो त्यांचा नित्याचा बाजार आहे. कॅमेरा काढण्याआधी विचारावं ते यासाठी.

इटालियन नाव, चिनी वस्ती

बाजाराला नाव आहे एडवर्ड टिरेटा या इटालियन गृहस्थाचं. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो ईस्ट इंडिया कंपनीच्या कलकत्त्यात आला, शहराच्या रस्ते-इमारतींचं काम पाहू लागला आणि या भागातला बाजार त्याच्या मालकीचा झाला. चिनी माणसं साधारण त्याच काळात इथे येऊ लागली. त्यांतला पहिला नामवंत म्हणजे तोंग अच्यू. वॉरन हेस्टिंग्जच्या काळात त्याला हुगळीच्या काठी बजबजजवळ जमीन मिळाली. तिथे त्यानं उसाची लागवड केली, साखरेचा कारखाना काढला आणि चीनमधून कामगार आणले. ते गाव आजही त्याच्या नावानं अचिपूर म्हणून ओळखलं जातं. नदीकाठी त्याची घोड्याच्या नालाच्या आकाराची लाल समाधी आहे. चिनी नववर्षानंतर कोलकात्यातली कुटुंबं उदबत्त्या, मेणबत्त्या आणि नैवेद्य घेऊन तिथे जातात.

अच्यूच्या मृत्यूनंतर कारखाना टिकला नाही, कामगार शहराकडे सरकले. पुढे चीनमधून माणसं येत राहिली आणि प्रत्येक गटानं आपापला धंदा धरला. कँटनकडचे लोक उत्तम सुतार होते. हुबेइ प्रांतातले लोक दातांचे वैद्य झाले. हाक्का लोकांनी चामडं कमवायचं आणि चपला-बूट शिवायचं काम घेतलं. सवर्ण हिंदू समाज ज्या कामाला शिवत नव्हता, ते त्यांनी पत्करलं आणि त्यात नाव कमावलं. टिरेटा बाजाराला लागून असलेला बेंटिंक स्ट्रीट त्यांच्या बुटांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध होता. आपल्या मेनूकार्डावरच्या हक्का नूडल्स याच लोकांच्या.

छातावाला गल्ली आणि देवळं

खाऊन झालं की लगेच टॅक्सी पकडू नये. बाजाराच्या आसपासच्या गल्ल्या पायी फिरण्यासारख्या आहेत. छातावाला गल्लीत १९०५ सालचं सी इप हे मंदिर आहे. कोलकात्यात चिनी मंदिरांना चर्च म्हणतात. दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतातल्या चार परगण्यांच्या लोकांनी ते बांधलं. आत करुणेची देवता ग्वानयिन आहे. लाल-सोनेरी कोरीव काम, छताला टांगलेले कंदील, उदबत्तीनं काळवंडलेली तुळई. पूर्वी मंदिराच्या जोडीला गावकऱ्यांची बैठक असायची. नव्यानं आलेल्या माणसाला काम, खोली आणि पत्र लिहून देणारा माणूस तिथेच भेटे.

ब्लॅकबर्न लेनमधलं तूंग ऑन हे दुसरं मंदिर. त्याच्या तळमजल्यावर १९२०च्या दशकात नानकिंग नावाचं उपाहारगृह होतं. शहरातले साहेब आणि सिनेमावाले तिथे जेवायला येत. वरच्या मजल्यावर देव आणि खाली स्वयंपाकघर, अशी ही इमारत. आज तिच्या आजूबाजूला पडणारा कचरा पाहवत नाही. एवढा मोठा वारसा असलेल्या जागेची ही अवस्था शहरानं सहन करू नये, असं तिथे उभं राहिलं की तळमळून वाटतं.

याच भागात सिंग च्युंग आणि पौ चोंग या जुन्या सॉसवाल्यांची नावं ऐकायला मिळतात. हिरव्या मिरचीचा सॉस, लसणीचा सॉस, सोयासॉस. बंगालमधल्या असंख्य स्वयंपाकघरांत याच बाटल्या असतात. घरी न्यायला यापेक्षा चांगली भेट नाही.

१९६२

या बाजारात आज चिनी विक्रेते इतके थोडे का, याचं उत्तर मोठ्या अंशी १९६२ मध्ये आहे. चीनशी युद्ध झालं आणि देशातल्या चिनी वंशाच्या माणसांवर संशयाची छाया पडली. आसाम, आजचं मेघालय, दार्जिलिंग या भागांतून सुमारे ३,००० जणांना उचलून राजस्थानातल्या देवळी इथल्या छावणीत नेऊन ठेवलं. त्यांत म्हातारी माणसं होती, लहान मुलं होती, भारतातच जन्मलेले लोक होते. काहींची सुटका व्हायला १९६७ उजाडलं. कोलकात्यातल्या कुटुंबांनाही पोलिसांकडे नोंद करावी लागली, शहराबाहेर जायला परवानगी घ्यावी लागली. नोकऱ्या गेल्या, धंदे बसले. मग घरं एकेक करून रिकामी होत गेली. कोणी कॅनडाला गेलं, कोणी ऑस्ट्रेलियाला. टोरांटोत आज कोलकात्याच्या हाक्का लोकांची उपाहारगृहं आहेत आणि तिथे चिली चिकन मिळतं, कारण त्यांनी नेलेली चव चीनची नव्हती, कोलकात्याची होती.

जे राहिले त्यांच्यासाठी १९६९ मध्ये एक चिनी भाषेतलं दैनिक सुरू झालं होतं, सेओंग पाउ. भारतातलं हे शेवटचं चिनी वृत्तपत्र २०२० मध्ये कोविडच्या काळात बंद पडलं. वाचणारे कमी होत गेले. एका समाजाच्या हयातीत एवढी पडझड झाली तरी रविवारची न्याहारी टिकली, हे मला फार मोलाचं वाटतं. घर रिकामं करायला लावता येतं, दुकान बंद पाडता येतं, पण पहाटे चारला उठून सारण भरणाऱ्या बाईकडून तिचा हात काढून घेता येत नाही.

टांगरा, मुंबई आणि मंचुरियन

शहराच्या पूर्वेला टांगरा ही दुसरी चिनी वस्ती आहे. इथे हाक्कांचे चामडं कमवायचे कारखाने होते. प्रदूषणामुळे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते बानतला इथे हलवायला सांगितलं. काहींनी तिकडे बस्तान हलवलं, तर काहींनी कारखान्याच्या जागेतच उपाहारगृहं काढली. भरपूर लसूण, हिरवी मिरची, सोयासॉस आणि मक्याच्या पिठानं दाटवलेला रस्सा ही टांगऱ्याची ओळख. तिथेच चिनी काली मंदिर आहे. त्या काली मातेला नूडल्सचा नैवेद्य दाखवतात आणि तोच प्रसाद म्हणून वाटतात. दोन्ही श्रद्धा तिथे एकाच ताटात वाढल्या जातात आणि कोणालाही त्यात वावगं वाटत नाही.

हीच चव मुंबईला पोचली. कोलकात्यात जन्मलेला नेल्सन वांग १९७०च्या दशकात मुंबईत आला. १९७५ साली तो क्रिकेट क्लब ऑफ इंडियात काम करत असताना एका गिऱ्हाइकानं काहीतरी नवीन मागितलं. तेव्हा त्यानं आलं, लसूण आणि हिरवी मिरची परतली, गरम मसाल्याऐवजी सोयासॉस घातला आणि रस्सा मक्याच्या पिठानं दाटवला. चिकन मंचुरियनच्या जन्माची हीच कथा सांगितली जाते. फोडणीची सुरुवात भारतीय, शेवट चिनी. आज जो पदार्थ सातारा-सांगलीच्या हायवेवरही मिळतो, त्याची रीत कोलकात्याच्या चिनी घरात वाढलेल्या माणसाच्या हातची आहे.

मुंबईतही चिनी समाजाची खूण आहे. माझगावला नवाब टँक रोडवर १९१९ सालचं चिनी मंदिर आहे. तेही त्याच चार परगण्यांतल्या लोकांनी बांधलेलं. जहाजांवर काम करणारे खलाशी तिथे युद्ध आणि न्यायाचा देव क्वान कुंग याला नमस्कार करून समुद्रावर जात. डॉकयार्ड रोड स्टेशनपासून ते जवळ आहे. कोलकात्याला जाणं जमत नसेल, तर सुरुवात तिथून करावी.

टिरेटा बाजाराचं पुढे काय होणार हा प्रश्न तिथल्या लोकांनाही पडतो. चिनी वस्तीच्या पुनरुज्जीवनासाठी मध्यंतरी आराखडे आखले गेले, अभ्यागतांना फिरवणारे उपक्रम सुरू झाले. पण बाजार टिकतो तो विक्रेत्याच्या पुढच्या पिढीनं पहाटे उठायचं ठरवलं तर. त्यासाठी गिऱ्हाईक रविवारी सकाळी हजर पाहिजे, भाव न पाडता विकत घेणारं पाहिजे, आणि समोरच्या माणसाला ‘तुम्ही मूळचे कुठले?’ असं न विचारता ‘आज काय ताजं आहे?’ असं विचारणारं पाहिजे. ही माणसं इथलीच आहेत. त्यांना परकं ठरवण्याची चूक देशानं एकदा केली आहे. आपल्या घासाघासानं ती थोडी तरी भरून निघावी.

कसं जाल, कधी जाल

मुंबईहून नागपूरमार्गे गीतांजली एक्सप्रेस आणि पुण्याहून आझाद हिंद एक्सप्रेस हावड्याला पोचवतात. हावड्याहून बाजार टॅक्सीनं थोड्या वेळात गाठता येतो. ड्रायव्हरला पोद्दार कोर्ट सांगितलं की पुरे. जवळचं मेट्रो स्टेशन सेंट्रल, पण रविवारी मेट्रो उशिरा सुरू होते. त्यामुळे जाताना टॅक्सीच करावी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत येणाऱ्या चिनी नववर्षात सिंहनृत्य, ढोल आणि मंदिरांतली रोषणाई पाहायला मिळते. साडेसहाच्या आत पोचावं, सुट्टे पैसे जवळ ठेवावेत, मंदिरात जाताना परवानगी घ्यावी. पोर्क चालत नसेल तर खरेदीआधी विचारून घ्यावं, विक्रेते नीट सांगतात.