एआयच्या मदतीने स्वतःचा 'स्टोरी गेम' बनवायचाय? आधी कागद-पेन घ्या!

डिसेंबर २०१८ मध्ये नेटफ्लिक्सवर 'ब्लॅक मिरर: बँडरस्नॅच' आला. नायकाने नाश्त्याला काय खायचं इथपासून सगळं प्रेक्षकच ठरवत होते. गोष्टीला इतके फाटे फुटत होते की लेखक चार्ली ब्रुकर यांनी ते मांडण्यासाठी 'ट्वाइन' हे सॉफ्टवेअर वापरलं.

हेच ट्वाइन आज कुणालाही फुकट वापरता येतं. जोडीला एआय चॅटबॉट असेल तर कोडिंग न शिकताही छोटा गेम तयार होऊ शकतो. पण एआयला नेमकं काय काम द्यायचं, यावर तो गेम चांगला होणार की कंटाळवाणा, हे ठरतं.

ट्वाइन म्हणजे काय?

ख्रिस क्लिमस यांनी २००९ मध्ये हे सॉफ्टवेअर आणलं. गोष्टीचं प्रत्येक पान म्हणजे स्क्रीनवरचा एक चौकोन. पानावरचा एखादा शब्द दुहेरी चौकटी कंसात लिहिला की त्याची लिंक होते आणि ती पुढच्या पानावर नेते. मजकूर मराठीत चालतो. शेवटी सगळ्या गेमची एकच एचटीएमएल फाइल बनते, ती कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडते.

एआय वापरायचे दोन मार्ग

पहिला मार्ग म्हणजे एआयलाच सूत्रधार करायचं. २०१९ मध्ये निक वॉल्टन यांनी आणलेला 'एआय डंजन' असाच होता. खेळाडू काहीही टाइप करतो, एआय गोष्ट पुढे नेतो. मजा येते, पण मॉडेल एका वेळी ठरावीक मजकूरच विचारात घेऊ शकतं. त्यामुळे सुरुवातीला हरवलेला कंदील नंतर अचानक हातात येतो आणि मेलेलं पात्र पुन्हा बोलायला लागतं.

दुसऱ्या मार्गात एआय फक्त मदतनीस असतो. गोष्ट आणि परिणाम तुम्ही ठरवायचे, कच्चा मजकूर आणि कोड त्याच्याकडून घ्यायचा. पहिल्या छोट्या गेमसाठी हाच मार्ग सोयीचा.

फाट्यांचं गणित

प्रत्येक वळणावर दोन पर्याय दिले आणि वाटा पुन्हा जुळल्याच नाहीत, तर दहा वळणांनंतर १,०२४ शेवट होतात. एआय तेवढे लिहूनही देईल, पण ते वाचून तपासणार कोण? म्हणून वाटा मध्येच एकत्र आणायच्या आणि खेळाडूने आधी काय निवडलं, ते गेमला लक्षात ठेवायला लावायचं.

समजा, पावसाळ्याच्या रात्री एक मुलगी गावाच्या फाट्यावर एसटीतून उतरते. मोबाइल बंद पडलाय. चहाच्या टपरीवर थांबायचं की चालत निघायचं? टपरीवर थांबली तर मोबाइल चार्ज होतो, पण तोवर ओढ्याचं पाणी पुलावर चढतं. लगेच निघाली तर पूल पार होतो, पण पुढे पाय मुरगळला तरी घरी कळवता येत नाही. दोन्ही वाटा पुलावरच येतात. गेमला लक्षात ठेवायची गोष्ट एकच, ती म्हणजे मोबाइल चार्ज आहे की नाही. तरीही खेळाडूला आपल्या निवडीची किंमत कळते.

एआयला काय सांगायचं?

'मला गेम बनवून दे' एवढंच सांगितलं तर कुठलीही साचेबद्ध गोष्ट मिळते. आधी कागदावर दहा-बारा चौकोनांचा नकाशा काढा. मग एकेक पान मागा: कोण, कुठे, आधी काय घडलं, पर्याय कोणते, किती शब्द. कोड मागताना ट्वाइनचा 'हार्लो' फॉरमॅट वापरताय की 'शुगरक्यूब', हेही सांगा. दोन्हींचं कोड वेगळं असतं आणि एआय त्यांची सरमिसळ करू शकतो.

मराठी मात्र स्वतः तपासा. एआयचा टपरीवाला 'कृपया येथे प्रतीक्षा करा' म्हणेल. खरा टपरीवाला म्हणतो, 'बस गं ताई, पाऊस उतरू दे.'

या चुका टाळा

- ब्राउझरमध्ये ट्वाइन वापरत असाल तर गोष्ट त्या ब्राउझरमध्येच साठते. ब्राउझरचा डेटा उडवला तर तीही जाते. रोज फाइल डाउनलोड करून ठेवा.
- मित्रमैत्रिणींची खरी नावं, फोटो किंवा खासगी किस्से चॅटबॉटमध्ये टाकू नका.
- शेअर करण्याआधी प्रत्येक वाट एकदा स्वतः खेळून बघा.

गेम तयार झाला की 'इच डॉट आयओ' या साइटवर तो फुकट टाकता येतो. पण त्याआधी एकाच मित्राला खेळायला द्या आणि शेजारी गप्प बसा. तो कुठल्या पर्यायापाशी बोट थांबवून विचार करतो, ते बघा. तसं एकदाही झालं नाही, तर एआयकडे न जाता कागदावरच्या नकाशाकडे परत जा.