मातीतील मोटारसायकल डांबरी रस्त्यावर

डर्ट बाइक म्हणजे केवळ माती, वाळू आणि डोंगरवाटा यांवर चालवण्यासाठी बांधलेली हलकी मोटारसायकल. तिला इंडिकेटर, आरसे, हॉर्न आणि नंबरप्लेट नसतात आणि बहुधा हेडलाइटही नसतो, कारण जिथे ती धावते तिथे आपण कुठे वळणार किंवा कधी थांबणार हे मागच्या-पुढच्या वाहनांना कळवण्याचा प्रसंग क्वचितच येतो. अमेरिकेतील अनेक हौशी चालक अशी गाडी पिकअप ट्रकवर चढवून जंगलवाटेपर्यंत नेण्याऐवजी तिच्यावरच बसून जाता यावे, म्हणून तिला रस्त्याजोगी करून घेतात. हे काम चार दिवे बसवण्याइतके सोपे वाटते. प्रत्यक्षात एक बदल दुसऱ्याला ओढून आणतो आणि दुसरा तिसऱ्याला, त्यामुळे गाडीचा एकत्रित विचार न करता हात घातलेले रूपांतर अर्धवट तरी राहते किंवा धोकादायक तरी ठरते.

या कामासाठी गाडीची निवड महत्त्वाची असते. मोटोक्रॉस शर्यतीसाठी बांधलेल्या गाडीच्या इंजिनात तेल थोडे मावते, त्याची देखभाल किलोमीटरऐवजी चाललेल्या तासांवर मोजावी लागते, आणि एकाच वेगाने लांबचा पल्ला गाठणे हे त्या इंजिनाचे कामच नव्हे. याउलट होंडाची सीआरएफ २३० एफ ही हवेने थंड होणाऱ्या २२३ सीसी इंजिनाची, सहा गिअरची, बटनस्टार्ट आणि शांत स्वभावाची गाडी रूपांतरासाठी योग्य मानली जाते. होंडाने स्वतःच २००८ मध्ये २२३ सीसीच्याच इंजिनाची सीआरएफ २३० एल ही रस्त्यासाठीची गाडी अमेरिकेत विक्रीस आणली, यावरून त्या निवडीमागचा विचार किती रास्त होता हे दिसून येते.

खरा कस लागतो तो विजेच्या कामात. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या फ्लायव्हीलमधील चुंबके तांब्याच्या तारेच्या स्थिर वेटोळ्यांजवळून जातात तेव्हा त्या वेटोळ्यांत वीज निर्माण होते. या वेटोळ्यांच्या संचाला स्टेटर म्हणतात. ही वीज दिशा सतत पालटणारी, म्हणजे एसी असते, तर बॅटरीला एकाच दिशेने वाहणारी डीसी वीज लागते. म्हणून मध्ये रेक्टिफायर हा दिशा एकसारखी करणारा आणि रेग्युलेटर हा दाब आवरणारा भाग बसवावा लागतो. अनेक छोट्या डर्ट बाइकमध्ये वेटोळ्याचे एक टोक थेट चॅसिसला जोडलेले असते आणि त्यामुळे रेक्टिफायरला एसी लहरीचा निम्माच भाग वापरता येतो. जाणकार मेकॅनिक इंजिनाचे बाजूचे झाकण उघडतो, ते टोक चॅसिसपासून सोडवून स्वतंत्र तारेने बाहेर काढतो आणि दोन्ही टोके पूर्ण लहर वापरणाऱ्या रेक्टिफायरला जोडतो. चॅसिसपासून सुटलेली ती एक तार गाडीची जुनी वेटोळीच अधिक कामाला लावते, आणि या साऱ्या उद्योगातील हे सर्वांत देखणे काम होय.

तरीही विजेचा हिशेब तंग राहतो. ३५ वॉटचा हॅलोजन हेडलाइट, २१ वॉटचा ब्रेकलाइट आणि एका बाजूचे १० वॉटचे दोन इंडिकेटर एकाच वेळी लागले, तर ७६ वॉटचा भार पडतो. छोट्या स्टेटरला तो पेलेलच असे नाही. त्यामुळे एलईडी दिवे वापरणे शहाणपणाचे ठरते, परंतु त्यांच्याबरोबर फ्लॅशरही बदलावा लागतो, कारण जुन्या पद्धतीच्या फ्लॅशरमधील धातूची पट्टी प्रवाहाने तापल्यावरच इंडिकेटरची उघडझाप करते आणि एलईडी घेतो तेवढ्या थोड्या प्रवाहाने ती पुरेशी तापत नाही. ब्रेकलाइटसाठी मागच्या पेडलला स्प्रिंगचा स्विच पुरतो. पुढच्या डिस्कब्रेकसाठी तेलाच्या नळीच्या जोडावर दाबाने चालणारा स्विच बसवतात. दोन्ही ब्रेकनी दिवा लागला पाहिजे, यात तडजोड नको.

टायरचा बदल दिसायला सोपा, परिणामांनी मात्र दूरवर जाणारा आहे. मातीत रुतून पकड घेणारे रबराचे उंच ठोकळे डांबरावर मुडपतात आणि रस्त्याला टेकणारे रबर कमी राहते, त्यामुळे वळणावर आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लावताना गाडी डळमळते. काही चालक मूळच्या २१ आणि १८ इंची रिमवर दुहेरी वापराचे टायर चढवून थांबतात. काही जण दोन्हीकडे १७ इंची रिम बसवून गाडीला सुपरमोटोचे रूप देतात. सुपरमोटो ही डांबर आणि माती अशा मिश्र मार्गावरील शर्यत १९७९ मध्ये कॅलिफोर्नियातील कार्ल्सबॅड येथे अमेरिकन दूरचित्रवाणीसाठी भरवलेल्या स्पर्धांतून रुजली.

रिम बदलली की गिअरचे गणितही बदलते. सीआरएफ २३० एफच्या चेनला पुढे १३ आणि मागे ५० दात्यांचे स्प्रॉकेट, म्हणजे दातेरी चाक असते. पुढचे १४ दात्यांचे केल्यास त्याच फेऱ्यांना गाडी सुमारे ७.७ टक्के अधिक वेगाने धावते आणि इंजिनावरचा ताण हलका होतो. परंतु १०० बाय १०० चा १८ इंची मागचा टायर काढून १३० बाय ७० चा १७ इंची लावला, तर चाकाचा व्यास सुमारे ६.६ टक्क्यांनी घटतो आणि वाढलेल्या दात्याचा जवळजवळ सारा लाभ तिथेच जिरतो. पुढचे चाक मागच्यापेक्षा अधिक लहान झाल्याने गाडीचे नाक खाली येते, हँडल चपळ होते, आणि पुढच्या चाकाच्या फेऱ्या मोजणारा स्पीडोमीटर नव्याने जुळवला नाही तर खऱ्याहून जास्त वेग दाखवतो.

कागदपत्रांची चौकशी मात्र पाना हाती घेण्यापूर्वीच व्हायला हवी. अमेरिकेत वाहननोंदणी राज्यांकडे असल्याने काही राज्ये दिवे, आरसे, हॉर्न आणि रस्त्यासाठी प्रमाणित टायर तपासून अशी गाडी नोंदवून घेतात, तर कॅलिफोर्निया रस्त्यासाठीचे उत्सर्जन प्रमाणपत्र नसलेल्या डर्ट बाइकला दारातच अडवते. धुराचे निकष दिवे बसवून पूर्ण होत नाहीत, हे लक्षात घेता ही अडवणूक अन्यायाची म्हणता येत नाही.

भारतातील चित्र अधिक कडक आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील आणि उत्पादकाचे मूळ स्वरूप यांत तफावत पडेल असा बदल करण्यास मनाई आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे बंधन अधोरेखित केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद केली. कावासाकीची केएलएक्स १४० जी येथे विकली गेली तीही रस्त्यावर नोंदवता न येणारी गाडी म्हणूनच. तिला दिवे लावल्याने नोंदणीचा हक्क मिळत नाही. त्यामुळे सह्याद्रीच्या कच्च्या वाटा आणि घाटातील डांबर दोन्ही एकाच गाडीवर पार करू इच्छिणाऱ्या मराठी चालकासाठी २०१९ मध्ये आलेली हीरो एक्सपल्स २०० आणि तिच्या पुढच्या आवृत्त्या हा सरळ पर्याय आहे. पुढे २१ आणि मागे १८ इंचांची चाके, सस्पेन्शनची लांब चाल आणि रस्त्यासाठीची सारी विद्युत व्यवस्था तिच्यात कारखान्यातूनच येते, आणि मुख्य म्हणजे आरटीओच्या नोंदणीपुस्तकात तिचे नाव रीतसर चढते.