जुन्या डिझेल पिकअपचे इंजिन उभ्या जागी का हादरते?

पुरंदरचे अंजीर पुण्याच्या गुलटेकडी बाजारात आणि जुन्नरचा टोमॅटो वाशीस रातोरात पोहोचविणारी जुनी पिकअप गाडी आज कित्येक शेतकरी कुटुंबांत बैलजोडीच्या जागी उभी आहे. बैल लंगडू लागला तर तो कोणत्या पायाने लंगडतो हे शेतकरी प्रथम पाहतो. दोष खुरात आहे की सांध्यात, याचा निर्णय त्यानंतर होतो. इंजिनाच्या बाबतीत मात्र हा क्रम क्वचितच पाळला जातो. गाडी थरथरू लागली की 'पंपाचे काम निघाले' असे ऐकावयास मिळते, पंप उतरविला जातो, ऐन तोडणीच्या दिवसांत गाडी अडकून पडते, आणि दोष पुष्कळदा एखाद्या चिरलेल्या रबरी नळीत असतो.

गाडी उभी असून ॲक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिन जी संथ गती राखते, तीस चालक आयडलिंग म्हणतात. या गतीत जुने चार सिलिंडरचे डिझेल इंजिन मिनिटास सामान्यतः ७०० ते ८५० फेरे घेते. दोन फेऱ्यांस एकदा प्रत्येक सिलिंडरात डिझेल पेटते. म्हणजे ८०० फेऱ्यांस एकेका सिलिंडराचे ४०० ठोके पडतात. विहिरीवरील ऑइल इंजिनाचा ठोका ज्याच्या कानात बसला आहे, त्यास चारांपैकी एक ठोका हुकल्याचे ओळखणे अवघड नाही. वेगात असताना फ्लायव्हीलचा जोर हुकलेला ठोका झाकून टाकतो. संथ गतीत तो उघडा पडतो. म्हणूनच रस्त्यावर बरी धावणारी गाडी बाजाराच्या फाटकाशी रांगेत उभी राहिली की हादरू लागते.

प्रथम ठोका खरोखरच हुकतो की नाही हे ठरवावे. सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर अंतरावर कागदाचा तुकडा धरावा. तो एकसारखा फडफडत असेल, आवाजही सम असेल, आणि तरी गाडीचा सांगाडा हादरत असेल, तर इंजिन ज्यांवर बसविलेले असते ती रबरे दबली वा फाटली असण्याचा संभव अधिक. क्लच दाबताच खडखड थांबत असेल तर तिचे मूळ इंजिनात नसून क्लच वा गिअरबॉक्सकडे शोधावे. कागद मध्येच अडखळत असेल, तरच पुढील तपास करावा.

जुन्या गाडीत सर्वाधिक फसविणारा दोष म्हणजे डिझेलच्या मार्गात शिरणारी हवा. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीत डिझेल ओढले जाते. त्या भागातील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. त्यामुळे तेथे चीर पडली तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. नळी कोरडी दिसते म्हणून ती निर्दोष ठरविली जाते, हीच मोठी चूक होय. टाकीत डिझेल कमी असताना त्रास वाढणे आणि रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू होऊन लगेच बंद पडणे, ही याची लक्षणे होत. फीड पंपाच्या अलीकडे तात्पुरती पारदर्शक प्लॅस्टिकची नळी जोडली की वाहणाऱ्या डिझेलमधील बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. रबरी नळ्या वाकवून पाहाव्यात, क्लिपा आवळाव्यात, जोडांवरील जुने वॉशर बदलावेत. त्यानंतर फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करून हातपंप मारावा व बुडबुड्यांविना डिझेल येऊ लागताच स्क्रू आवळावा.

याच वेळी फिल्टरच्या तळाचे थोडे डिझेल काचेच्या बाटलीत काढून काही वेळ स्थिर ठेवावे. पाणी असल्यास तळाशी बसते. शेतावर पिंपात साठविलेल्या डिझेलमध्ये पावसाचे पाणी बुचातून उतरते. कापडातून गाळल्याने कचरा अडतो. पाणी वेगळे होईल असा भरवसा ठेवू नये. फिल्टर नुसता तुंबलेला असेल तर तो दोष उभ्या गाडीपेक्षा भरलेल्या गाडीस दिवे घाटाच्या चढावर आधी जाणवतो.

हवा व पाणी नसूनही ठोका हुकत असेल, तर दोषी सिलिंडर शोधावा. ही परीक्षा केवळ यांत्रिक पंपाच्या जुन्या इंजिनावरच करावी. संगणकाने नियंत्रित होणाऱ्या कॉमन रेल पद्धतीच्या नव्या इंजिनात डिझेलचा दाब हवेच्या दाबाच्या हजार पटींहूनही अधिक असू शकतो. तेथे नळीस हात लावणे प्राणघातक ठरू शकते.

इंजिन तापवून संथ गतीत चालू ठेवावे. इंजेक्टरवर येणाऱ्या लोखंडी नळीचा नट पान्याने अर्धा फेरा सैल करावा व सभोवती फडके गुंडाळावे. त्या सिलिंडराचे डिझेल बाहेर पडून त्याचा ठोका बंद होईल. इंजिन अधिक अडखळले, तर तो सिलिंडर काम करीत होता असे समजावे. काहीच फरक पडला नाही, तर दोष त्याच सिलिंडरात आहे. नट पुन्हा आवळूनच दुसरा सैल करावा. डोळ्यांवर चष्मा असावा, जवळपास कोणी बिडी ओढू नये, आणि निसटत्या डिझेलसमोर हात कदापि धरू नये. हा दाबाचा फवारा कातडी भेदून मांसात शिरतो. खूण टाचणी टोचल्याएवढी दिसली तरी त्याच क्षणी रुग्णालयात जावे व फवारा कसा लागला हे डॉक्टरांस सांगावे.

दोषी सिलिंडराचा इंजेक्टर मेकॅनिककडून शेजारच्या इंजेक्टरशी बदलून घ्यावा, तांब्याचे वॉशर नवे घालावेत व परीक्षा पुन्हा करावी. दोष इंजेक्टरबरोबर हलला, तर नोझल खराब. ते तपासणीच्या हातपंपावर समोर उभे राहून पाहावे: चांगले नोझल बारीक धुके सोडते, खराब नोझल धार मारते किंवा थेंब गाळते. दोष जागच्या जागी राहिला, तर टॅपेटचे अंतर व सिलिंडराचा दाब तपासावा लागतो. पंपाची पाळी त्यानंतर येते. पांढरा धूर निघत असून रेडिएटरचे पाणीही घटत असेल, तर हेड गॅस्केट गेल्याची शंका घ्यावी आणि गाडी चालविणे थांबवावे.

अनेक ठिकाणी हा सारा खटाटोप टाळून आयडलिंगचा स्क्रू फिरवून गती वाढवून दिली जाते. हादरा कमी होतो, गिऱ्हाईक समाधानाने घरी जाते. तथापि न पेटलेले डिझेल सिलिंडराच्या भिंतीवरील तेल धुऊन खाली उतरते आणि इंजिनाचे तेल पातळ करते. पुढे बेअरिंग झिजतात व काही शेकड्यांचे काम इंजिन उघडण्यापर्यंत जाते. ज्या गाडीचा स्क्रू असा फिरविला गेला असेल, तिची तेलकांडी काढून पाहावी. तेलाची पातळी वाढलेली असेल वा त्यास डिझेलचा वास येत असेल, तर दोष काढून तेल बदलल्याखेरीज ती गाडी माल भरून घाटात नेऊ नये.