जोडपट्टीचं दशक

आमच्याकडच्या महामार्गावर ओढ्यावरचा एक पूल नुकताच रुंद केला. जुन्या आणि नव्या स्लॅबमधली जोडपट्टी भरत होते तेव्हा शेजारून लादलेले ट्रक भरधाव जात होते, आणि जुन्या स्लॅबातून निघालेल्या सळ्या ओल्या काँक्रीटमध्ये थरथरत होत्या. वेग आवरायला झेंडा घेऊन एक माणूसही उभा नव्हता. फार राग आला, कारण हे सगळं आपण एकदा शिकलो होतो.

आधी, अरुंद पुलांच्या काळात, समोरची गाडी जाईपर्यंत थांबायचं, एवढंच. शिकलो ते १९९९नंतरच्या दहा वर्षांत. सुवर्ण चतुष्कोनाची कामं निघाली, पुणे–कोल्हापूर रस्ता चौपदरी होऊ लागला. मोठ्या नद्यांवर शेजारी नवे पूल उभे राहिले. लहान पुलांना मात्र बाजूने पदर जोडायचा होता, तोही वाहतूक चालू ठेवून. साइटवर दोन तट पडायचे. एक म्हणे, हादऱ्याने काँक्रीट दह्यासारखं फाटेल, रस्ताच बंद करा. दुसरा म्हणे, आपण स्वतः व्हायब्रेटर लावतो, मग ट्रकचं काय भय?

दोघांनाही उत्तर आधीच मिळालेलं होतं. टेक्सासमध्ये फर आणि फुआद या संशोधकांनी रुंद केलेले पूल तपासून १९८२मध्ये लिहिलं होतं, की चांगल्या काँक्रीटला नुसत्या हादऱ्याने इजा होत नाही. खरा धोका जुन्या-नव्याच्या वेगळ्या हालचालीत आहे. ट्रक आला की जुना गर्डर लवतो, नवा जागेवर राहतो, आणि सळई जुन्याबरोबर हलते. काँक्रीट पातळ आहे तोवर सळईभोवती पडलेली फट पुन्हा भरते. काही तासांनी ते धरू लागतं, पण ताकद आलेली नसते. तेव्हा हललेल्या सळईभोवती पोकळी तशीच राहते. पकड जाते, पुढे पाणी शिरतं, सळई गंजते.

त्या दशकातले चांगले सुपरवायझर हे हाताने जाणत होते. नवा भाग आधी टाकायचा, त्याला आपल्या वजनाने बसू द्यायचं, मधली पट्टी शेवटी, रात्री. सळ्या सरळ, एकमेकींना तारेने घट्ट बांधलेल्या. काँक्रीट घट्टसर, कारण पातळ मिश्रण उतारावर सरकतं. पुलाआधीचा खड्डा बुजवलेला, कारण आपटून आलेला ट्रक पूल कितीतरी जास्त हलवतो. पट्टी धरेपर्यंत गाड्या दूरच्या लेनमधून, सावकाश. त्या वेळी यावर ‘काम अडवता’ म्हणून ओरडणारे वरिष्ठही होते. त्यांच्याबद्दल मला आजही आदर नाही.

आता ती माणसं निवृत्त झाली आणि मुदतीचा धाक वाढला. वाहतूक आवरण्याचा खर्च ठेकेदाराच्या एकूण दरात दडवला, की पहिली कात्री त्यालाच लागते. जोडपट्टीच्या रात्रीचं वाहतूक-नियंत्रण निविदेत स्वतंत्र कलम म्हणून यायला हवं, त्याचे पैसे वेगळे मोजायला हवेत, आणि पट्टी भरण्याची परवानगी झेंडेवाले जागेवर उभे राहिल्यावरच मिळायला हवी.